आठ किंवा वीस

गिरणखेड्यात भांडणं होत नाहीत असं नाही. होतात, चांगली कडाकडा होतात, पण तिसऱ्या चहाच्या आत मिटतात. तापीकाठच्या या गावाला त्याचा भारी अभिमान. नवा मुख्याधिकारी बदलून आला की तो खुर्चीत नीट बसायच्या आत त्याला ऐकवलं जातं, "साहेब, १९८३ पासून आमच्या नगरपरिषदेत एकाही ठरावावर मतदान झालेलं नाही. सगळं एकमतानं." बिचारा मान डोलावतो. त्याला वाटतं, चला, शांत गाव पदरात पडलं.

२०४१ साली या शांततेचे कारभारी होते नगराध्यक्ष भागवतनाना झांबरे. दोन माणसं हमरीतुमरीवर आली की नाना मधे जाऊन बसायचे, एकाचं थोडं काढायचे, दुसऱ्याचं थोडं काढायचे आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावून घरी पाठवायचे. बांधाचा वाद असो की सोयरिकीचा, नानांचा तोडगा ठरलेला: मधलं धरा. लोक त्यांना हसायचे, पण अडलं की त्यांच्याच ओट्यावर यायचे.

हर्षदा भिरूड ही त्यांची भाची. ती नऊ वर्षांची असताना तिचे आईबाप अपघातात गेले आणि नाना नि सिंधूमामीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पुढे तिचं लग्न मोडलं, तेव्हाही नानांनीच मधे बसून, कोर्टाची पायरी न चढता प्रकरण मिटवलं. संसाराची भांडी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तिच्या वाट्याला कुकर आला आणि त्याचं झाकण तिकडे राहिलं. हे ती स्वतःच हसून सांगायची. आता बेचाळिशीत ती नगरपरिषदेत रचना सहायक होती; म्हणजे कोणी कुठं किती उंच बांधायचं याचे नकाशे तपासणारी बाई.

प्रश्न उभा राहिला तो खालच्या गावामुळे. तापीनं तीन वर्षांत दोनदा खालचं गाव धुऊन नेलं होतं आणि अकराशे कुटुंबं शाळेमागच्या पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. त्यांच्यासाठी वरच्या अंगाला, केळीच्या बागांच्या जागी, नवी वसाहत बांधायचं मंजूर झालं. इमारतींना उंचीची मर्यादा किती घालायची, एवढंच ठरायचं होतं. त्याआधी त्या जमिनीचा भूकर्ण अहवाल मागवणं नव्या कायद्यानं सक्तीचं होतं.

भूकर्ण हे यंत्र तोवर सगळीकडे रुळलं होतं. त्यात जादू काही नव्हती. इंटरनेटसाठी काचेच्या तंतूची केबल गावोगाव जमिनीखालून गेलेलीच होती. भूकर्ण त्या तंतूच्या एका टोकातून लेझरचा झोत सोडी. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतात. त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे येतो. जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी हलली तरी तंतू ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे केबलच्या दर दहा मीटरवर जमिनीला लावलेला एक कान. ट्रॅक्टर, गुरं, वारा, नदीचं पाणी यांच्यामुळे जमीन सतत बारीक थरथरत असते. ती थरथर महिनोन् महिने ऐकली की त्या जमिनीचा स्वतःचा ताल कळतो. फार खोलवरचा खडक किंचित सरकत असेल तर तेही कळतं.

अहवाल घेऊन विद्यापीठातला भूशास्त्रज्ञ डॉ. फैजान तडवी आला, तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती. तडवी यावलकडचा, पस्तिशीचा, मोकळ्या बोलण्याचा माणूस. पण त्या दिवशी त्यानं चहाला हात लावला नाही.

"ताई, दोन गोष्टी सापडल्या," तो म्हणाला. "एक म्हणजे, इथून अठरा किलोमीटर खोल खडक अडकून बसलाय आणि ताण वाढत चाललाय. पुढच्या तीस वर्षांत मोठा धक्का बसण्याची शक्यता शंभरात सत्तर."

"आणि दुसरी?"

"केळीच्या बागांखाली दोनशे मीटर नुसता गाळ आहे. तापीनं आणून टाकलेला. त्याचा ताल एक पूर्णांक चार सेकंद. धक्का बसला की तो गाळ दर एक पूर्णांक चार सेकंदांनी इकडून तिकडे डोलणार. इमारतीलाही असाच ताल असतो. ढोबळमानानं मजल्यामागं एक दशांश सेकंद. आठ मजली असेल तर आठ दशांश, वीस मजली असेल तर दोन सेकंद."

हर्षदानं मनातल्या मनात हिशेब केला. "चौदा मजली असेल तर एक पूर्णांक चार."

"तेच सांगतोय. आखाजीला झोका घेतला असेल ना तुम्ही? मागून ढकलणारी वेळ चुकवून ढकलत असेल तर कितीही जोर लावा, झोका चढत नाही. पण वेळ साधली तर दोन बोटांनी ढकलला तरी फांदीला टेकतो. जमिनीचा आणि इमारतीचा ताल जुळला की दर हेलकाव्याला इमारत जास्त झुकते. वीसेक हेलकाव्यांत खांब तुटतात. १९८५ साली मेक्सिको शहरात हेच झालं. तिथंही खाली जुन्या तळ्याचा गाळ होता. बुटकी घरं बरीच वाचली, उंच मनोरे वाचले, मधल्या उंचीच्या इमारती पडल्या."

"लोखंड जास्त घातलं तर?"

"थोडा जास्त वेळ तग धरतील. पण ताल काही फारसा बदलत नाही. आठपर्यंत बांधा किंवा अठराच्या वर बांधा. मधे बांधू नका."

हे ऐकून हर्षदाला हसूच फुटलं. "मग काळजीच मिटली, डॉक्टर. आमच्या गावात दोनच पक्ष आहेत. खालचं गाव म्हणतं आठ, केळीवाले म्हणतात वीस."

तडवीही हसला आणि त्यानं चहा घेतला. तो गेल्यावर ती अहवालावर टिपणी लिहायला बसली. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात गावाची भांडणं आजवर कशी मिटली ते तिला आठवलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि तशीच उठून मामाच्या घरी गेली.

नाना ओट्यावर बसून केळीचे वेफर खात होते. तिनं अहवाल पुढे धरला, झोक्याचं उदाहरण दिलं, सगळं दोनदा समजावलं. नाना अडाणी नव्हते. त्यांना पहिल्या वेळेलाच समजलं होतं.

"मामा, या वेळी मतदान घ्या. आठ जिंकू दे नाहीतर वीस जिंकू दे. कोणीही जिंकलं तरी गाव वाचतं. फक्त मधलं धरू नका."

नानांनी वेफरची ताटली बाजूला सारली. "मी सहा वर्षांचा होतो. पान्याची टाकी कोन्या गल्लीत बांधायची, यावर मतदान झालं. एका मतानं ठराव झाला. तिसऱ्या दिवशी भर बाजारात कुऱ्हाडी निघाल्या. माह्या बापाले घरी आनलं ते खाटेवर. तेव्हापासून या गावात कोनी हरलं नही, पोरी. कोनी हरलं नही म्हनून कोनी मेलं नही."

हे हर्षदाला माहीत होतं. लहानपणापासून तिनं ते शंभरदा ऐकलं होतं. पण आज ऐकताना तिला मामाची दया आली आणि भीतीही वाटली.

"मग काय करणार?"

"दोघांपैकी एकाले राजी करतो. मतदान नको, भांडन नको. मले आठ दिवस दे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्या यंत्रावर विश्वास आहे माहा. चौदा होऊ देनार नही."

आणि नानांनी खरोखरच जिवाचं रान केलं. आठ दिवसांत ते चार वेळा पत्र्याच्या खोल्यांकडे गेले, पाच वेळा बागांकडे गेले. दोन्हीकडे चहा मिळाला, मान मिळाला. एक मजला कोणी सोडला नाही.

सभेच्या दिवशी सभागृह फुटून वाहत होतं. बसायला जागा नाही म्हणून दोन्ही बाजूंची माणसं दारांत उभी होती; उजव्या दारात खालचं गाव, डाव्या दारात केळीवाले. पहिल्यांदा उठल्या तुळसाबाई सपकाळे. खालच्या गावाच्या नगरसेविका, साठीच्या, स्वतः पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या.

"वीस मजले म्हन्ता," त्या म्हणाल्या. "लाइट गेली तं मढं खाली आनायचं कसं? लिफ्टमधी उभं करून? माह्या सासऱ्याले नेलं तं चार खांदे होते. जिन्यात दोन मानसं मावत नही. आमी नदीकाठची मानसं. आमाले जमिनीजवळ ठेवा. आठच्या वर एक मजला चालनार नही."

कोणी हसलं नाही. मग केळीवाल्यांचे हेमराज बऱ्हाटे उठले. "आठ मजले म्हंजे जागा अडीचपट लागनार. म्हंजे आमच्या बागा अडीचपट जानार. निसवणीवर आलेला बाग आहे, घड लटकून राहिलेत. तुमी वर चढायले भेता म्हनून आमी केळी उपटायची? वीस मजले बांधा, थोड्या जागेत बसा. आमचंही राहू द्या, तुमचंही होऊ द्या."

दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती. मग हर्षदाची टिपणी वाचून दाखवली गेली: आठपर्यंत सुरक्षित, अठराच्या वर सुरक्षित, नऊ ते अठरा मजले कोणत्याही परिस्थितीत नकोत. मधल्या बाकावरून कोणीतरी मांडीवर थाप मारली. "घ्या! यंत्रानंही दोघांले बरोबर म्हटलं!" सगळं सभागृह हसलं, टाळ्याही पडल्या. आपल्या गावाला शोभेलसं यंत्र आहे, असंच सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर तासभर बोलणी झाली. आवाज चढले. "पाण्यात बुडून मेलो असतो तर बरं झालं असतं तुमाले," असं उजव्या दारातून कोणी बोललं. "मग कशाले वर आले?" असं डाव्या दारातून उत्तर आलं. एक खुर्ची पडली. आणि मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, घ्या ना मतदान! होऊन जाऊ द्या!"

अठ्ठावन्न वर्षांत हा शब्द तिथं कोणी उच्चारला नव्हता. हर्षदा भिंतीला लागून कर्मचाऱ्यांच्या बाकावर बसली होती. तिनं मनातल्या मनात विनवणी केली, मामा, घ्या. हात वर करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

नाना उभे राहिले. त्यांनी आधी उजव्या दाराकडे पाहिलं, मग डाव्या दाराकडे. मग घसा खाकरून, नेहमीच्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "आठ नि वीस अठ्ठावीस. निम्मे चौदा."

"चौदा नाही!" हर्षदा उभी राहिली. विचारल्याशिवाय कर्मचाऱ्यानं सभेत बोलायचं नसतं, हे ती विसरून गेली. सभागृहात नानांना कधी मामा म्हणायचं नाही, हा स्वतःचा नेमही विसरली. "मामा, चौदाच नाही! दुसरा कुठलाही आकडा घ्या, चौदा नका घेऊ!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "लोखंड दीडपट घालायचं," ते म्हणाले. "म्हंजे यंत्राचंही ऐकलं. सूचक हेमराजभाऊ, अनुमोदक तुळसाबाई. बोला, कोनाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. तुळसाबाईंना विसाचे सहा मजले कमी केल्याचं समाधान होतं, हेमराजना आठाचे सहा वाढवल्याचं. दारातल्या माणसांनी खांदे सैल सोडले. कोणीतरी चहा सांगितला.

सभा संपल्यावर तिनं नानांना जिन्यात गाठलं. ती रडत होती. "आठ दिवसांपूर्वी तुम्ही मला शब्द दिला होता."

"दाराशी कुऱ्हाडी पाह्यल्या का तू?" नाना हळू आवाजात म्हणाले.

"कुणाच्याही हातात काही नव्हतं, मामा."

"मले दिसल्या," ते म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

हर्षदा काही गप्प बसली नाही. तिनं जिल्ह्याला लिहिलं, मंत्रालयाला लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं की उंचीची मर्यादा ठरवणं हा स्थानिक संस्थेचा अधिकार असून सदर ठराव एकमताने झालेला असल्याने हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही. तडवीनं मुख्याधिकाऱ्यांना दोन तास आलेख दाखवले. शेवटी त्यांनी विचारलं, "शंभरात सत्तर म्हणता. म्हणजे तीस टक्के काही होणारच नाही ना?" तडवी खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "हो, तीस टक्के नाही होणार." तिथंच ते संपलं.

ती मामाच्या घरी जायची बंद झाली. सिंधूमामी सणावाराला डबा पाठवायची. हर्षदा डबा धुऊन परत पाठवायची, निरोप काही नसायचा. एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर, ही दोन घरं अडीच वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. तिकडे केळी उपटली गेली आणि नऊ इमारती चढत गेल्या. दीडपट लोखंड घातलं गेलं. त्यात लबाडी कोणीही केली नाही, हेही सांगायला हवं.

२०४४ च्या मार्चमध्ये बांधकाम पूर्ण झालं. वाऱ्यानं इमारती किती डोलतात ते भूकर्णानं पायाखालच्या केबलमधून ऐकलं. तडवीनं नऊ आकडे पाठवले. सगळ्यात कमी एक पूर्णांक छत्तीस, सगळ्यात जास्त एक पूर्णांक त्रेचाळीस. खाली त्यानं एक ओळही लिहिली नव्हती.

आता राहिलं होतं भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळाल्याशिवाय कोणालाही राहायला जाता येत नाही. त्यावर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीआधी रचना सहायकाची सही लागते. फाइल हर्षदाच्या टेबलावर आली आणि तिथंच राहिली. एक आठवडा, दोन आठवडे, अकरा आठवडे. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. लोक कार्यालयात येऊन शिव्या देऊन जात. ती ऐकून घेई.

मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर गेला. तुळसाबाई एकट्याच आल्या आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"काल आमच्या ओळीतला सोनू बाबा गेला. दुपारी पत्र्याखाली झोपला तं उठलाच नही. या महिन्यातला तिसरा. ताई, तुह्या यंत्राले एकदा इचार, पत्र्याखाली मानूस किती दिवस टिकते."

तीस वर्षांत कधीतरी येणारा भूकंप आणि काल गेलेला सोनू बाबा, यांत ती कसला ताळमेळ लावणार?

दुसऱ्या दिवशी नाना आले. अडीच वर्षांत खूप थकले होते. तिच्या टेबलासमोर ते याआधी कधी बसले नव्हते. नगराध्यक्षानं कर्मचाऱ्याला आपल्या दालनात बोलावून घ्यायचं, असा रिवाज.

"तू बरोबर आहे, हे मले माहीत आहे," ते म्हणाले. "पन ती मानसं मरू राहिली. एक कर. तुले जे म्हनायचं ते शेऱ्यात लिही. स्पष्ट लिही. अन खाली सही कर. तुह्या मनालेही दोष नही, त्यांलेही छप्पर."

"शेरा लिहून ताल बदलत नाही, मामा."

"तू सही नही केली तं दुसरं कोनी करीन. तुले बदलतीन, दुसरा आनतीन. तो शेराही लिहिनार नही." "तुले वाटत असीन, मी लोकांले तिथं धाडीन नि आपन खाली राहीन. नही. पह्यलं घर मी घेतो. नवव्या मजल्यावर. तुह्या मामीले सांगून झालं."

हर्षदानं पेन उघडलं. शेऱ्यासाठी चार ओळींची जागा होती. तिनं लिहिलं, "भूकर्ण अहवालानुसार सदर इमारतींचा आंदोलनकाळ जमिनीच्या आंदोलनकाळाशी जुळत असून मोठ्या भूकंपात त्या कोसळण्याचा गंभीर धोका आहे. सभेच्या एकमताच्या ठरावास अधीन राहून." आणि खाली सही केली. नऊ फाइली, नऊ वेळा.

त्या संध्याकाळी ती मामाच्या घरी जेवायला गेली. मामीनं शेवभाजी केली होती. खूप दिवसांनी तिघं एका जागी जेवली. खरं सांगायचं तर हर्षदाला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते त्या बरं वाटण्यानं.

नाना खरोखर पहिले राहायला गेले. त्यांच्यामागून पंधरा दिवसांत अकराशे कुटुंबं गेली. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर तुळसाबाईंनी तुळशीची कुंडी ठेवली. गच्चीवरून तापी पार वळणापर्यंत दिसते, म्हणून म्हातारी माणसं रोज सकाळी वर जाऊन बसायला लागली. लिफ्टला लोक सरावले. हर्षदा दर रविवारी मामीकडे जायची. सोफ्यावर बसली की ती पाय जमिनीला घट्ट टेकवून बसायची. मामीच्या ते लक्षात आलं होतं.

धक्का बसला तो २०४५ च्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी अकराला वीस मिनिटं कमी असताना. लोक राहायला गेल्याला जेमतेम आठ महिने झाले होते. हर्षदा नगरपरिषदेच्या बैठ्या कार्यालयात होती. कपाटं सरकली, कौलं घसरली, एक पंखा खाली आला. ती पटांगणात धावली. तिथून वसाहत सरळ दिसत होती.

नऊच्या नऊ इमारती एकदम डोलत होत्या. आधी थोड्या, नजरेला कळेल न कळेल अशा. मग प्रत्येक हेलकाव्याला आणखी जास्त. ती नकळत मोजत होती. बाविसाव्या हेलकाव्याला तिसरी इमारत मधूनच मोडली. मग सातवी, मग पहिली. नंतर धुळीत काही दिसेना, नुसता आवाज येत राहिला. जमीन चाळीस सेकंद हलली. धूळ बसली तेव्हा तीन उभ्या होत्या.

गावातली तीन-चार मजली घरं तडकली, पण पडली नाहीत. नदीपलीकडे त्याच गाळावर एका कारखान्याच्या वसाहतीची एकवीस मजली इमारत होती. ती संथपणे डोलली आणि उभी राहिली. तिथल्या लोकांना उलट्या झाल्या, एवढंच.

नाना आणि मामी पाचव्या दिवशी सापडले. त्यांच्यासोबत चौथ्या मजल्यावरच्या तुळसाबाईही सापडल्या, कारण नववा मजला नि चौथा मजला यांच्यामध्ये हातभरही अंतर उरलं नव्हतं. हेमराज बऱ्हाटे आणि त्यांच्या भावकीतली पोरं पाचही दिवस ढिगाऱ्यावर होती. मढी खाली आणायचा प्रश्नच नव्हता, सगळी वरच काढायची होती. एकूण एक हजार नऊशे सात माणसं गेली. एकेकाची ओळख पटवून नाव यादीत चढवलं जाताना हर्षदा हजर राहिली. तिला रडू आलं नाही. लोकांनी तिला दोष दिला असता तर कदाचित आलं असतं. पण जो भेटे तो म्हणे, ताई, तुम्ही तेव्हाच ओरडून सांगितलं होतं.

चौकशी आयोग मेमध्ये बसला. निवृत्त न्यायमूर्ती, सोबत दोन तज्ज्ञ आणि एक लघुलेखक. ढिगाऱ्यातून नव्हे, तर कार्यालयाच्या कपाटातून नऊ फाइली सुखरूप निघाल्या होत्या. न्यायमूर्तींनी पहिल्या फाइलीतला शेरा मोठ्यानं वाचला, मग चष्मा काढून ठेवला.

"भिरूडबाई, यापेक्षा स्पष्ट इशारा कोणी देऊ शकलं नसतं," ते म्हणाले. आवाजात माया होती. "या शेऱ्यामुळे तुमच्यावर कोणताही ठपका येत नाही. तुम्ही जाऊ शकता."

"मी सही केली," हर्षदा म्हणाली.

"सभेचा एकमताचा ठराव होता. आणि तुम्ही नसती केली, तर दुसऱ्या कोणी केलीच असती."

हर्षदा उठली नाही. हेच वाक्य तिनं स्वतःला वर्षभर सांगितलं होतं. मग गेल्या आठवड्यात तिनं आस्थापना शाखेत जाऊन जुनी नोंदवही उघडली होती.

"साहेब, गिरणखेड्यात रचना सहायकाचं पद एकच मंजूर आहे," ती म्हणाली. "माझ्याआधी ते साडेतीन वर्षं रिकामं होतं. कोणी यायला तयार नव्हतं. त्या साडेतीन वर्षांत एकही भोगवटा प्रमाणपत्र निघालं नाही. नोंदवहीत आहे. मी नुसती राजीनामा देऊन घरी बसले असते तरी चाललं असतं."

लघुलेखकानं मान वर केली.

"दुसरं कोणी नव्हतंच, साहेब. इमारती पडल्याच असत्या. पण रिकाम्या पडल्या असत्या."

न्यायमूर्तींनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी पुढच्या साक्षीदाराला बोलवायला सांगितलं.